मीठ, दमट हवा आणि दुनळी बंदूक : गोव्यातील एक परीक्षण-प्रवास

शनिवार : बांद्याहून केरीला

पुण्यातील एका परीक्षण प्रयोगशाळेत माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मिठाच्या धुक्याच्या पेटीसमोर गेला. या पेटीत ५ टक्के मिठाचे पाणी बारीक फवाऱ्याने सोडतात, तापमान ३५ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवतात आणि आत टांगलेले धातूचे भाग किती तासांनी गंजू लागतात याची नोंद घेतात. यंत्रांच्या सुट्या भागांप्रमाणे शस्त्रांचे भागही याच चाचणीतून जातात. अमेरिकी सैन्याच्या ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ या मानकात ती २४ तास ओली आणि २४ तास कोरडी अशा आलटूनपालटून फेऱ्यांनी करायला सांगितले आहे. बंदुकीच्या बाबतीत त्याखेरीज पाऊस, चिखल, धूळ, कडाक्याची थंडी आणि प्रखर उष्णता यांच्याही वेगळ्या चाचण्या असतात, आणि प्रत्येक चाचणीअखेर किती गोळ्यांमागे बंदूक एकदा अडली हा आकडा हाती येतो. हा आकडा खोटा नसतो. तरीही पेटीतील चार दिवसांवरून कोकणातल्या एखाद्या घरात चार महिने ठेवलेल्या बंदुकीचे काय होईल हे सांगता येते का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सोडेना.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी आहे. त्याच्या मदतीने मी मिरगाच्या सुमारास गोव्यात तीन ठिकाणी पोलादी पट्ट्यांच्या चौकटी टांगून घेतल्या होत्या. एक जागा समुद्रकाठची, दुसरी खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली, आणि तिसरी डोंगरपायथ्याची. प्रत्येक चौकटीत साधे उघडे पोलाद, काळे ब्लूइंग केलेले पोलाद, फॉस्फेटचा थर चढवलेले पोलाद, कठीण क्रोम चढवलेले पोलाद आणि दोन जातींचे स्टेनलेस अशा पट्ट्या होत्या, आणि त्यांतील अर्ध्यांना तेल लावलेले होते. चवथ उलटल्यावर त्या उतरवायच्या आणि मग भावाची बंदूक सावकाश तपासायची, या हेतूने मी बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्यात शिरलो. माझ्यासोबत शस्त्र किंवा दारूगोळा काहीही नव्हते. भिंग, तराजू, आर्द्रतामापक आणि नकली काडतुसे एवढेच सामान होते.

केरीचे घर तेरेखोल नदीच्या मुखापासून जवळ, सुरूच्या झाडांमागे आहे. तेथे दोन चौकटी लावल्या होत्या, एक अंगणात उघड्यावर आणि दुसरी पडवीत, चुडतांच्या आडोशाला. घरमालकांनी पडवीतल्या पट्ट्या चांगल्या राहिल्या असतील या समजुतीने आधी अंगणातल्या उतरवून दिल्या. भिंगाखाली पाहिले तेव्हा चित्र उलटे दिसले. अंगणातील पट्ट्यांवर तांबूस गंज सगळीकडे सारखा पसरला होता, पण तो पातळ होता आणि कापडाने बराचसा निघाला. पडवीतल्या ब्लूइंगच्या पट्टीवर मात्र ठिपक्याठिपक्यांनी गंज खोल गेला होता आणि तो पुसल्यावर खाली खड्डे राहिले.

याचे कारण उघड आहे. अंगणातील पट्टीवर बसलेले मीठ पाऊस धुऊन नेतो. पडवीतल्या पट्टीवर वाऱ्याने आलेले मीठ साठत जाते आणि ते धुणारे कोणी नसते. शिवाय समुद्राचे मीठ आणि पेटीतील मीठ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली की कोरडे पडते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाही हवेतील पाणी ओढून ओलेच राहते. गोव्यात आर्द्रता तेवढी खाली क्वचितच उतरते. म्हणजे किनाऱ्यावरच्या घरात पोलादावर एकदा बसलेला समुद्री मिठाचा कण हाताने पुसला नाही तर जवळजवळ कधीच सुकत नाही. पाण्यात भिजलेली बंदूक लोक लगेच पुसतात, पण न भिजलेली, कपाटात उभी असलेली बंदूक पुसायची असते हे कोणाला सुचत नाही.

स्टेनलेसच्या दोन पट्ट्यांचीही नोंद करतो, कारण ‘स्टेनलेस’ हा शब्द ऐकून ग्राहक निश्चिंत होतात. भांड्यांसाठी वापरतात त्या ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बंदुकीच्या नळ्यांसाठी पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या ४१६ जातीत क्रोमियम सुमारे १३ टक्के असते आणि ती सहज कातली जावी म्हणून तिच्यात मुद्दाम गंधक घातलेले असते. केरीच्या पडवीत ३०४ ची पट्टी स्वच्छ राहिली आणि ४१६ च्या पट्टीवर सुईच्या टोकाएवढे तांबडे डाग पडले.

रविवार : रेइश मागूश आणि जुने गोवे

मांडवीच्या मुखावरचा रेइश मागूशचा किल्ला पाहायला गेलो तो तोफांसाठी. ओतीव लोखंडाच्या तोफेत मीठ शिरले की लोह हळूहळू विरघळते आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे राहतो, त्यामुळे आकार शाबूत दिसतो पण ताकद गेलेली असते. डोळ्यांनी केलेल्या तपासणीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने या तोफांजवळ थोडा वेळ उभे राहावे.

दुपारी जुन्या गोव्यात फिरताना येथील शस्त्रकारागिरांचा विचार मनात होता. अफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये हे शहर घेतले आणि १५१३ मध्ये राजा मानुएल याला लिहिलेल्या पत्रात गोव्याचे बंदूक-कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका बनवतात असे कळवले. त्या काळी बोहेमिया आणि जर्मन मुलूख या कामात अग्रेसर होते, तेव्हा ही शिफारस साधी नव्हती. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेल्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, बंदुका याच गोवा-मलाक्का परंपरेतल्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे जपान्यांनी पावसात बार काढता यावा म्हणून बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्राजवळच्या, दारूवर बसणारी लाखेची छोटी पेटी तयार केली. तोड्याच्या बंदुकीला पाऊस लागला की पेटता तोडा विझे आणि कानातली दारू भिजे. प्रतिकूल हवामानात शस्त्र चालते की नाही हा प्रश्न त्या काळच्या सैनिकालाही पडलेलाच होता, फक्त त्याचे उत्तर तो रणांगणावर मिळवत असे. मराठी फौजांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत, त्यामागे नद्यांचे पूर, रस्ते आणि वैरण यांच्या जोडीला कोरड्या दारूची गरज हेही एक कारण असावे.

सोमवार : दिवाडी

फेरीबोटीने दिवाडीला गेलो. येथील खाजणांत भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेले असते आणि ते आत-बाहेर सोडण्यासाठी बांधात ‘मानस’ बसवलेली असते. पावसाळ्यात हे पाणी बरेचसे गोडे होते, त्यामुळे पट्ट्यांची स्थिती केरीपेक्षा बरीच बरी निघाली. फॉस्फेट आणि तेल अशी जोड असलेली पट्टी जवळपास जशीच्या तशी होती. तेल नसलेली फॉस्फेटची पट्टी मात्र उघड्या पोलादाच्या पंगतीला जाऊन बसली होती, आणि ते अपेक्षितच होते, कारण फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो आणि त्याचे काम तेल धरून ठेवण्याचे असते. ब्लूइंगचेही तसेच आहे. तो लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा सुमारे १ मायक्रॉनचा थर असतो आणि तेलाविना त्याचा उपयोग फार थोडा.

परतीच्या बोटीत दोन तरुण भेटले. लष्करी बंदुकांविषयी ते बरेच वाचून होते आणि कोणती रायफल ‘कधीच अडत नाही’ यावर त्यांचा वाद रंगला होता. मी त्यांना २००७ साली अमेरिकेत झालेल्या धुळीच्या चाचणीचे आकडे सांगितले. प्रत्येक प्रकारच्या रायफलीतून ६०,००० गोळ्या झाडल्या गेल्या. एम-४ ही ८८२ वेळा अडली, एचके-४१६ ही २३३ वेळा, स्कार २२६ वेळा आणि एक्सएम-८ ही १२७ वेळा. एवढे ऐकून त्यांतला एक म्हणाला, “म्हणजे काका, एम-४ टाकाऊच की!” तेव्हा मी पुढचा आकडा सांगितला. त्याच वर्षी आधी झालेल्या तशाच चाचणीत एम-४ केवळ ३०७ वेळा अडली होती. चाचणीचे नाव तेच, गोळ्या तेवढ्याच, बंदूक तीच, आणि अडण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट. ज्या चाचणीत एवढा फरक पडू शकतो तिच्या एका निकालावरून बंदुकीची जन्मपत्रिका मांडू नये, असे माझे ठाम मत आहे.

मंगळवार : वाळपईच्या पुढे

डिचोलीमार्गे वाळपई गाठली आणि तेथून म्हादईच्या खोऱ्यातील भावाच्या गावी पोचलो. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी तो याहून अधिक असतो. इथे मीठ नाही, पण ओल कायमची आहे. चौकट भाताच्या शेताकडेच्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, टांगलेली होती. उघड्या पोलादावर गंज होता, तरी खड्डे केरीच्या मानाने उथळ होते. ज्या पट्टीला मी कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायला सांगितले होते ती सर्वांत वाईट निघाली. कातडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्ले पोलादाला लावते, आणि वर हिरवट बुरशी. बंदूक कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात घालून पावसाळाभर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद व्हायला हवी.

भावाची बंदूक सरकारी कारखान्यात बनलेली, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, मधोमध उघडून भरायची आहे. रानडुक्कर, गवे आणि माकडे यांच्यापासून भात, केळी आणि माड राखण्यासाठी तिचा परवाना आहे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जनावराला मनाला येईल तसे मारता येत नाही. त्यामुळे तिचा खरा उपयोग बार काढून कळप पळवण्यापुरता आहे. तिला वर्षातून मोजकेच बार काढावे लागतात, आणि नेमक्या या गोष्टीमुळे ती माझ्या दृष्टीने फार शिकवणारी ठरली. सैनिकाची रायफल सतत वापरली जाते आणि सतत पुसली जाते. शेतकऱ्याची बंदूक अकरा महिने उभी असते आणि एका रात्री तिने चालायचे असते.

संध्याकाळी भावाने ती बाहेर काढली. परवाना त्याच्या नावाचा असल्यामुळे बंदूक पूर्ण वेळ त्याच्याच हातात राहिली. मी भिंग धरले आणि नोंदी घेतल्या. नळ्या आतून उजेडाकडे धरून पाहिल्या तेव्हा उजवी स्वच्छ होती आणि डावीत चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भागाच्या, पुढे राखाडी छटा दिसत होती. दस्त्याचे लाकूड ओलीने फुगून सेफ्टीच्या खटक्याच्या कडेला घासत होते. कळ फिरवल्यावर बिजागरी नीट उघडत होती. फायरिंग पिनांच्या भोकांभोवती मात्र पिवळसर चिकट थर बसला होता.

“तेल कोणते लावतोस?” मी विचारले.

“खोबरेल, दादा. बाबाही तेच लावायचे. घरचे, घाण्यावरचे.”

खोबरेल पोलादावर अगदी निरुपयोगी असते असे नाही, काही आठवडे ते ओल अडवते. पण ते पाणी बाजूला सारत नाही, जुने झाले की त्यात मोकळी स्निग्धाम्ले वाढतात, धूळ बसून त्याचा चिकटा होतो, आणि पितळेला लागले की हिरवा साबण तयार होतो. भावाच्या काही काडतुसांच्या पितळी बुडांवर तो हिरवा थर स्पष्ट दिसत होता.

काडतुसे ठेवण्याची जागा पाहिली तेव्हा मला अधिक काळजी वाटली. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीतील फळीवर ती ठेवलेली होती, आणि गोमूत्राचा वास फळीपर्यंत येत होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात कोणी हात न लावता तडकत. ती पावसाळ्याच्या ऋतूत तडकतात एवढेच लक्षात आले होते, म्हणून इंग्रजीत त्या दोषाला ऋतूचेच नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी १९२१ मध्ये कारण उलगडले. काडतुसे तबेल्यांजवळ ठेवली जात, घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे, आणि पितळेचे पत्रे दाबून आकार देताना आत राहिलेल्या ताणामुळे ते त्या जागी चिरत जाई. दाबून झाल्यावर काडतूस योग्य तितके तापवले की तो ताण निघून जातो आणि चिरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. भावाला हे सांगितले तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी काडतुसे घरात हलवली. शतकापूर्वी उलगडलेली गोष्ट खेड्यापाड्यातील परवानाधारकापर्यंत पोचलेली नाही, आणि परवाना देताना कोणी ती सांगतही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बुधवार : मांगरातली रात्र

सकाळी बंदुकीच्या सध्याच्या स्थितीची नोंद करून घेतली. तांब्याची मऊ चकती बसवलेली नकली काडतुसे घालून भावाने दोन्ही चाप ओढले, आणि फायरिंग पिनेने चकतीवर पाडलेला खळगा मी भिंगाखाली पाहिला. काडतुसाची टोपी पेटायला पिनेचा ठोका पुरेसा जोराचा लागतो. खळग्याची खोली हे त्या जोराचे माप आहे, आणि कारखान्यांतही अशीच तांब्याची चकती वापरतात. उजव्या नळीचा खळगा खोल व गोल होता, डाव्याचा उथळ आणि किंचित तिरका. मी डाव्या नळीविषयी भावाला सावध केले.

दुपारी चिखल आणि धूळ यांची चाचणी केली. प्रयोगशाळांत धुळीसाठी बहुधा सिलिकाची बारीक पूड वापरतात. येथील धूळ जांभ्याची आहे. तिच्यात लोहाचे ऑक्साइड आणि चिकणमाती असते, ती कोरडी असताना पिठासारखी उडते आणि ओली झाल्यावर घट्ट चिकटते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळ्यांची तोंडे रबरी टोपणांनी बंद करून, भावाने बंद बंदुकीच्या बिजागरीवर आणि कळीवर जांभ्याचा पातळ चिखल लावला, तो अर्धवट वाळू दिला आणि मग ती उघडून पाहिली. कळ जड फिरली, पण बंदूक उघडली आणि बंद झाली. मधोमध उघडणाऱ्या बंदुकीत गॅसची नळी किंवा पुढेमागे सरकणारा बोल्ट नसतो, त्यामुळे चिखल अडकायला जागा थोडी असते. नळीच्या तोंडात चिखल गेलेला असेल तर मात्र ती कितीही साधी असली तरी जीवघेणी ठरते, कारण नळी अडलेली असताना बार काढला तर ती फुगते किंवा फुटते. म्हणून हा प्रयोग जिवंत काडतुसाने करणे मला मान्य नाही. शेतात पडलेली बंदूक उचलली की पहिल्यांदा ती उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे.

रात्री मांगरात बसलो. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि आर्द्रतामापक नव्वदीच्या वर होता. मध्यरात्र उलटल्यावर खालच्या कुणग्यात भात मोडल्याचा आवाज आला. भावाने विजेरीच्या उजेडात समोरच्या मोकळ्या बांधापलीकडे माणूस किंवा जनावर नाही याची खात्री केली, बंदूक आभाळाकडे नेम न धरता रिकाम्या मातीच्या उताराकडे रोखली आणि उजवा चाप ओढला. बार झाला, कळप रानात पळाला. मग त्याने डावा चाप ओढला आणि नुसता खटका वाजला.

अशा वेळी घाईने बंदूक उघडणे हा मोठा धोका असतो, कारण टोपी पेटली असून दारू सावकाश पेट घेत असण्याची शक्यता असते आणि बार काही क्षणांनी होऊ शकतो. भावाने नळी त्याच उताराकडे धरून ठेवली, मी घड्याळात ३० सेकंद मोजले, मग त्याने तोंड बाजूला ठेवून ती उघडली. टोपीवरचा खळगा सकाळच्या चकतीसारखाच उथळ होता. काडतूस निर्दोष होते. तेच त्याने उजव्या नळीत घातले आणि पुन्हा उताराकडे बार काढला, तो व्यवस्थित झाला. दोष पिनेत होता.

गुरुवार : तेल, काडतुसे आणि ठासणीची बंदूक

सकाळी भावाने डावी फायरिंग पिन बाहेर काढली. तिच्याभोवतीची स्प्रिंग चिकट झालेल्या खोबरेलाने आणि गंजाच्या पुडीने अर्धी भरली होती. पिन रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, पातळ यंत्रतेलाचा एकच थेंब देऊन बसवल्यावर तांब्याच्या चकतीवरचा खळगा उजव्या नळीइतका खोल पडला. पिनेच्या टोकावरचा तिरकेपणा मात्र उरला आहे, आणि तो परवानाधारक दुरुस्तीकारानेच पाहायला हवा. घरी कानस चालवण्याचे हे काम नाही.

हा दोष मला व्हिएतनाममधील एम-१६ ची आठवण करून देणारा वाटला. १९६६-६७ मध्ये ती रायफल तेथील दमट हवेत वारंवार अडू लागली आणि झाडलेले काडतूस चेंबरमध्येच अडकून राहू लागले. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत बंदुकीच्या मूळ रचनेबाहेरच्या गोष्टी बऱ्याच होत्या. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता, चेंबरला क्रोमचा थर दिलेला नव्हता म्हणून त्यात गंजाचे खड्डे पडत, आणि सैनिकांना साफसफाईचे साहित्य व शिक्षण पुरेसे मिळाले नव्हते. चेंबरला क्रोम दिल्यावर आणि स्वच्छतेकडे लक्ष दिल्यावर तीच रायफल पुढे अनेक दशके चालली. बंदूक, काडतूस, तेल, ठेवायची जागा आणि वापरणारा माणूस यांची एकत्र परीक्षा घेतली तरच तिच्या भरवशाविषयी काही बोलता येते, हे मी नोकरीतही सांगत असे. सत्तरीतल्या त्या खटक्याने ते मला पुन्हा पटवून दिले.

काडतुसांकडे वळलो. प्लॅस्टिकच्या नळकांड्यांची काडतुसे चेंबरच्या मापाच्या पितळी कड्यातून सहज आरपार गेली. त्यांच्यासोबत डब्यात भावाच्या वडिलांच्या वेळची कागदी नळकांड्यांची काही काडतुसे होती. ती फुगून कड्यात अडकली. जोराने ढकलून बसवलेले कागदी काडतूस झाडल्यावर बाहेर निघत नाही, आणि आतील दारू ओलावलेली असेल तर बार फुसका जाऊन बूच किंवा छर्रे नळीतच राहू शकतात. मग त्यामागून दुसरा बार काढणे म्हणजे कालच्या चिखलाचाच धोका. ती जुनी काडतुसे रीतसर जमा करण्याचे भावाने ठरवले.

दुपारी शेजारच्या वाड्यावरील एका वृद्ध शेतकऱ्यांची ठासणीची बंदूक पाहायला मिळाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील १३ व्या कलमात शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि सत्तरीसारख्या भागात तिचा मान अजून टिकून आहे. या बंदुकीत दारू, चिंध्या आणि छर्रे तोंडाने भरून गजाने ठासतात आणि मागे ठोक्याने पेटणारी केप बसवतात. पावसाळ्यातील तिचा खरा शत्रू तिची स्वतःची राख आहे. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा असतो, आणि ती जळल्यावर अर्ध्याहून अधिक वजनाचा घन अवशेष मागे उरतो. हा अवशेष हवेतील पाणी शोषून घेतो आणि एका रात्रीत नळी आतून तांबडी करतो. तेलाने तो निघत नाही, कारण ते क्षार पाण्यात विरघळणारे आहेत. आजोबा नळीत उकळते पाणी ओततात, ती तापल्यामुळे आपोआप कोरडी होते, आणि मगच तेलाची चिंधी फिरवतात.

“पाणी घातल्याशिवाय बंदूक धुऊन होत नाही, बाबा. तेल नंतर,” ते म्हणाले. माझ्या पट्ट्या आणि भिंग पाहून त्यांना काहीच नवल वाटले नाही.

ते बंदूक चुलीवरच्या माळ्याखाली टांगतात. उष्णतेमुळे हवा कोरडी राहते हे खरे, पण लाकडाच्या धुरात ॲसिटिक आम्ल असते आणि नळीवर काजळीचा थर बसतो, म्हणून मी उष्णता ठेवून धूर टाळण्याचा मार्ग सुचवला. हिशेब सोपा आहे. २७ अंश तापमानाला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे ५७ टक्क्यांवर येते, आणि मीठ नसलेल्या पोलादावर ६० टक्क्यांच्या खाली गंज फार मंद होतो. गोव्यात पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात छोटा तारेचा दिवा पेटता ठेवण्याची युक्ती पुष्कळ घरांत माहीत आहेच. किनाऱ्यावर हा उपाय एकटा पुरणार नाही, कारण समुद्राचे मीठ ५७ टक्क्यांनाही ओले राहते. तेथे आधी पुसणे आणि नंतर उष्णता असा क्रम हवा.

संध्याकाळी भावाने लाकडी कपाटाच्या तळाशी पत्र्याचा आडोसा करून १५ वॅटचा दिवा बसवला, बंदूक म्यानाबाहेर काढून उभी ठेवली, कुलूप लावले आणि काडतुसे सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केली. आतापर्यंत खंडेनवमीला पूजेआधी वर्षाची एकच सफाई होत असे. आता पावसाळ्यात दर पंधरवड्याला नळीतून चिंधी फिरवायची आणि प्रत्येक वेळी तारीख, आर्द्रता आणि चिंधीचा रंग वहीत लिहायचा असे ठरले. दिव्याच्या कपाटात एक चौकट, दिवा नसलेल्या कपाटात दुसरी आणि केरीच्या पडवीत तिसरी अशा नव्या पट्ट्या मी भावाकडे देऊन ठेवल्या आहेत. केरीतल्या अर्ध्या पट्ट्या घरमालक दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेल लावतील आणि उरलेल्या अर्ध्यांना हात लावणार नाहीत. पुढच्या मिरगाला त्या जागी बसतील आणि चवथीनंतर उतरवल्या जातील.